राष्ट्राध्यक्षांच्या कानाला कोण लागते?

मुख्यमंत्र्यांभोवती चार-पाच माणसांचे कोंडाळे जमले आणि मंत्र्यांनाही भेटीची वेळ त्यांच्यामार्फतच मिळू लागली, की आपली वृत्तपत्रे त्या कोंडाळ्याला 'किचन कॅबिनेट' म्हणून मोकळी होतात. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना हिणवण्यासाठी त्यांच्या विरोधकांनी रूढ केला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जॅक्सन १८२९ मध्ये सत्तेवर आले. त्यांच्या अधिकृत मंत्रिमंडळात धुसफूस एवढी होती की १८३१ मध्ये एक अपवाद वगळता सगळे मंत्री बदलावे लागले. खरी मसलत चालत असे ती मंत्री नसलेल्या काही विश्वासू माणसांशी. त्यांतले दोघे विशेष वजनदार होते, एमस केंडल आणि फ्रान्सिस प्रेस्टन ब्लेअर, आणि दोघेही केंटकीच्या वृत्तपत्रांतून पुढे आलेले होते.

राजकीय सल्लागार हा एक विषय आणि पक्षाची तळी उचलणारी माध्यमे हा दुसरा, अशी वाटणी आपण सहज करतो. पहिल्या किचन कॅबिनेटकडे पाहिले तर ही वाटणी सुरुवातीपासूनच खोटी होती असे दिसते. अमेरिकी राष्ट्राध्यक्ष एखादा निर्णय घेतो तेव्हा तो कितपत त्याचा स्वतःचा असतो, हे समजून घ्यायचे असेल तर सल्लागार आणि माध्यमे या दोघांकडे एकत्रच पाहावे लागते, आणि त्यांच्यात कोण कोणाचे मिंधे आहे हा प्रश्न प्रत्येक काळात नव्याने विचारावा लागतो. त्याचे उत्तर दोन शतकांत जवळजवळ उलटे झाले आहे, असे माझे मत आहे.

जॅक्सन यांच्या काळातले उत्तर सोपे होते. त्यांच्या बाजूचे जुने वृत्तपत्र 'युनायटेड स्टेट्स टेलिग्राफ' हे उपराष्ट्राध्यक्ष कॅल्हून यांच्याकडे झुकू लागले, तेव्हा ब्लेअर यांना राजधानीत बोलावून घेण्यात आले आणि डिसेंबर १८३० मध्ये 'ग्लोब' सुरू झाला. पुढे सरकारी छपाईची कंत्राटे त्याच्याकडे वळली, आणि बऱ्या पगाराच्या सरकारी नोकरांनी त्याची वर्गणी भरावी अशी अपेक्षा ठेवली जाऊ लागली. वॉशिंग्टनमध्ये लिहिलेले मजकूर दूरच्या खेड्यांतल्या पत्रांत छापून आणायचे आणि मग तेच 'ग्लोब'मध्ये जनतेचा आवाज म्हणून उद्धृत करायचे, असा आरोप विरोधक करीत. राष्ट्रीय बँकेची मुदतवाढ नाकारणारा जुलै १८३२ चा प्रसिद्ध नकाराधिकाराचा खलिता तयार करण्यात केंडल यांचा मोठा वाटा होता. थोडक्यात, धोरण लिहिणारा आणि त्या धोरणाची वाहवा छापून आणणारा एकाच खोलीत बसत होते, आणि दोघांचीही चूल राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर पेटत होती. १८६१ मध्ये सरकारने स्वतःचा छापखाना सुरू केला आणि मुखपत्रे पोसण्याचा हा मार्ग बऱ्याच अंशी बंद झाला.

दार कोणाच्या ताब्यात?

अमेरिकेच्या संविधानात सल्लागार हा शब्द शोधून सापडत नाही. खात्यांच्या प्रमुखांकडून राष्ट्राध्यक्षाने लेखी मत मागवावे, एवढाच उल्लेख आहे. मंत्र्यांच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते, संसदेच्या समित्या त्यांना समोर बसवून उलटतपासणी घेतात. याउलट व्हाइट हाउसचा चीफ ऑफ स्टाफ (कार्यालयाचा प्रमुख), राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, संपर्कप्रमुख, भाषणलेखक या कोणालाही सिनेटपुढे जावे लागत नाही. राष्ट्राध्यक्षांनी आज नेमले, उद्या काढले. समितीने बोलावले तरी राष्ट्राध्यक्षांशी झालेला सल्लाविनिमय गोपनीय आहे, असे म्हणून साक्ष टाळण्याची वाट त्यांच्यापुढे असते. सर्वांत जवळचा माणूस जाब देण्यापासून सर्वांत दूर, अशी ही रचना आहे.

ती ठरवून उभी राहिली असेही म्हणता येत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नेमलेल्या ब्राउनलो समितीने १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्षांना मदतीची गरज आहे असा निष्कर्ष काढून सहा साहाय्यक द्यावेत अशी शिफारस केली होती, आणि ते साहाय्यक अनाम राहण्याची आवड असलेले असावेत असेही सुचवले होते. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षांचे कार्यकारी कार्यालय अस्तित्वात आले. आज त्या सहांचे काही शे झाले आहेत, आणि अनाम राहण्याची आवड असलेला माणूस तिथे टिकणे अवघड आहे, कारण तिथले वजन पुष्कळदा दूरचित्रवाणीवर कोण किती वेळ झळकतो यावरूनही मोजले जाते.

या मंडळींचा प्रभाव नेमका चालतो कसा? आपल्याकडे सल्लागाराच्या दगलबाजीचा दाखला म्हणून 'ध चा मा' केल्याची आख्यायिका सांगतात. प्रत्यक्षात अक्षर बदलण्याची वेळ फारच क्वचित येते. राष्ट्राध्यक्षांचा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेला असतो, आणि कोणता तुकडा कोणाला द्यायचा हे ठरवणारा माणूस एक शब्दही खोटा न बोलता निर्णयाची दिशा ठरवू शकतो. कोणता कागद आज टेबलावर ठेवायचा आणि कोणता पुढच्या आठवड्यात, टिपणात कोणते पर्याय मांडायचे आणि कोणत्या क्रमाने, कोणाचे मत जोडायचे आणि कोणाचे 'अद्याप प्राप्त झालेले नाही' म्हणून सोडून द्यायचे, यात सगळे येते. वॉशिंग्टनमधला एक जुना विनोद असा की राष्ट्राध्यक्षांपुढे नेहमी तीन पर्याय ठेवावेत: संपूर्ण शरणागती, अणुयुद्ध आणि खात्याला जे हवे आहे ते. मंत्रालयात टिपणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला हा विनोद फोडून सांगावा लागणार नाही.

आयझेनहॉवर यांचे शर्मन अ‍ॅडम्स हे या कलेतले पहिले प्रख्यात द्वारपाल. त्यांच्या आद्याक्षरांची मान्यता नसलेला कागद राष्ट्राध्यक्ष वाचत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. १९५८ मध्ये एका कापड कारखानदाराकडून उंची लोकरी कोट भेट घेतल्याच्या प्रकरणात त्यांना जावे लागले. निक्सन यांच्या भोवतीच्या हॉल्डमन आणि एर्लिकमन या सल्लागारांच्या जोडीला तर वृत्तपत्रे 'बर्लिनची भिंत' म्हणत. तरी द्वारपाल म्हणजे केवळ अडवणूक असे समजणे अन्यायाचे होईल. निक्सन रागाच्या भरात जे हुकूम सोडीत त्यांतले कित्येक हॉल्डमन मुद्दाम बाजूला ठेवीत आणि राग उतरण्याची वाट पाहत. चांगला सल्लागार कधी कधी काय करत नाही, यावरूनही ओळखावा लागतो. फक्त त्याचे हे काम कोठेही नोंदले जात नाही, आणि ज्या दिवशी तो हुकूम बाजूला ठेवत नाही त्या दिवसाचीच नोंद इतिहासात उरते. २३ जून १९७२ रोजी वॉटरगेटचा, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरीचा, तपास रोखण्याबद्दल निक्सन यांचे हॉल्डमन यांच्याशीच झालेले बोलणे ध्वनिफितीवर सापडले आणि राष्ट्राध्यक्षपद गेले.

निक्सन यांच्याच काळात माध्यमेसुद्धा सल्लागारांच्या चाळणीतून येऊ लागली. पॅट्रिक ब्युकॅनन यांच्या देखरेखीखाली रोज सकाळी बातम्यांचा एक गोषवारा तयार होई. कोणत्या वाहिनीने कोणत्या विषयाला किती वेळ दिला, कोणता बातमीदार कुजकट बोलला, हे सारे त्यात असे. निक्सन तो पेन हातात घेऊन वाचत आणि समासात शेरे मारत: याला उत्तर द्या, त्याला दूर ठेवा. मूळ वृत्तपत्रांपेक्षा हा गोषवाराच त्यांचे जगाकडे पाहण्याचे भिंग बनला. तो तयार करणारी माणसे राष्ट्राध्यक्षांच्या मनातला माध्यमांविषयीचा संशय जाणून होती, आणि संशयी माणसाला काय वाचायला आवडते हेही.

पडदा राखता येत नाही

निक्सन यांच्या १९६८ च्या प्रचारात दूरचित्रवाणीची बाजू सांभाळणारा एक तरुण निर्माता होता, रॉजर एल्स. निक्सन यांच्या अभिलेखागारात १९७० चे एक टिपण सापडले आहे. रिपब्लिकन पक्षाला सोयीच्या बातम्या वॉशिंग्टनमध्ये तयार करून थेट देशभरच्या स्थानिक वाहिन्यांना पुरवाव्यात, म्हणजे मोठ्या वाहिन्यांचा अडसर राहणार नाही, अशी योजना त्यात आहे, आणि तिच्यावर एल्स यांच्या हस्ताक्षरातले उत्साही शेरे आहेत. त्या वेळी ती योजना बारगळली. ७ ऑक्टोबर १९९६ रोजी रूपर्ट मरडॉक यांची फॉक्स न्यूज वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचे प्रमुख हेच एल्स होते. मधल्या काळात त्यांनी रेगन आणि थोरले बुश यांच्या प्रचारातही सल्ला दिला होता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन घालणारा 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम १९४९ पासून अमेरिकेत होता, तो ऑगस्ट १९८७ मध्ये रद्द झाला, आणि त्यामुळेच फॉक्ससारख्या वाहिन्या जन्माला आल्या, असे पुष्कळदा सांगितले जाते. तो नियम सरकारी परवान्यावर हवेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होता. केबलवरच्या वृत्तवाहिनीला त्याने अडवले असते असे दिसत नाही. त्याच्या जाण्याचा खरा लाभ रेडिओला झाला. १९८८ मध्ये रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला, आणि सहा वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे आले तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्यत्व दिले. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष संपादकाला राजधानीत बोलावून घेत होते. १९९४ मध्ये निवडून आलेले लोक निवेदकाचे आभार मानायला जात होते.

या बदललेल्या नात्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून मी डिसेंबर २०१८ मधले दोन दिवस घेईन. १९ डिसेंबरच्या रात्री सिनेटने सरकारचा खर्च ८ फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवणारे विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले. मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी त्यात पैसे नव्हते, तरीही ट्रम्प त्यावर सही करतील असे दोन्ही पक्षांचे सदस्य धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फॉक्सच्या पडद्यावर, रेडिओवर आणि अ‍ॅन कोल्टर यांच्यासारख्या स्तंभलेखकांकडून ट्रम्प यांनी कच खाल्ल्याची टीका सुरू झाली. त्याच दिवशी लिंबॉ यांनी श्रोत्यांना सांगितले की राष्ट्राध्यक्षांनी आपल्याला निरोप पाठवला आहे: भिंतीचे पैसे नसतील तर सही होणार नाही. दुपारी प्रतिनिधिगृहाचे नेते व्हाइट हाउसमधून बाहेर पडले ते हेच सांगत. २२ डिसेंबरपासून सरकार अंशतः ठप्प झाले आणि ३५ दिवस ठप्प राहिले. सुमारे ८ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने अर्थव्यवस्थेचे नुकसान ११ अब्ज डॉलरच्या घरात काढले. ट्रम्प यांची मागणी ५.७ अब्ज डॉलरची होती. २५ जानेवारी रोजी त्यांनी सही केली त्या विधेयकातही भिंतीसाठी काही नव्हते.

हे दोन दिवस नीट पाहिले तर कोणीही कोणाला हुकूम दिलेला दिसत नाही. निवेदकांनी फक्त एवढे दाखवून दिले की सही केल्यास राष्ट्राध्यक्षांचा सर्वांत निष्ठावान मतदार आमचे ऐकून नाराज होईल. एवढे पुरेसे होते. सल्लागारांची अडचण अशी की २०१७ मध्ये जॉन केली चीफ ऑफ स्टाफ झाल्यावर टेबलावर येणाऱ्या प्रत्येक कागदाची शिस्त त्यांनी लावू पाहिली होती, पण दूरचित्रवाणीचा रिमोट त्यांच्या हातात नव्हता. दारावर पहारा बसवता येतो, पडद्यावर बसवता येत नाही. परिणामी ज्यांना भेटीची वेळ मिळत नव्हती त्यांनी सकाळच्या कार्यक्रमात जाऊन बोलण्याचा मार्ग धरला, आणि वॉशिंग्टन परिसरापुरत्या जाहिराती त्याच वेळेत विकत घेणारेही निघाले. लक्षावधी घरांत दिसणारा कार्यक्रम, पण बोलणाऱ्याच्या मनात प्रेक्षक एकच.

मग वाहिनी आणि कार्यालय यांतली भिंतच पातळ झाली. फॉक्सचे सहअध्यक्ष राहिलेले बिल शाइन २०१८ मध्ये व्हाइट हाउसचे संपर्कप्रमुख झाले. फॉक्सवर नियमित विश्लेषण करणारे जॉन बोल्टन त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. जानेवारी २०२५ मध्ये फॉक्सच्या शनिवार-रविवारच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक पीट हेगसेथ संरक्षणमंत्री झाले. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी होऊन उपराष्ट्राध्यक्षांचे मत वापरावे लागले. मंत्र्याला निदान ही परीक्षा तरी द्यावी लागते.

हा रोग एकाच पक्षाला आहे असे कोणी समजू नये, जरी दोन्हीकडे तो सारख्याच प्रमाणात आहे असे म्हणणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बायडेन यांच्याभोवती अनेक दशकांच्या परिचयातले मोजके सल्लागार होते. त्यांच्या वयाविषयीची कुजबुज वाढत असताना, मार्च २०२४ मध्ये, डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलेल्या एमएसएनबीसी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जो स्कारबरो आत्ताचे बायडेन हे आजवरचे सर्वोत्तम बायडेन आहेत अशी ग्वाही देत होते. २७ जूनला ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादफेरीत बायडेन अडखळताना अख्ख्या देशाने पाहिले. त्यानंतर ८ जुलै रोजी आपण निवडणुकीतून माघार घेणार नाही हे सांगायला बायडेन यांनी फोन लावला तो त्याच कार्यक्रमात. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. इथे वाहिनीने राष्ट्राध्यक्षांना ढकलले नाही, उलट आतल्या वर्तुळाला जे ऐकायचे होते तेच त्याला परत ऐकवले. आरशाने केलेले नुकसान सहसा उशिरा कळते.

पक्षपाती म्हणता येणार नाही अशा वृत्तपत्राचाही आरसा करता येतो, हे सप्टेंबर २००२ मध्ये दिसले. ८ सप्टेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने पहिल्या पानावर बातमी दिली की इराक अण्वस्त्रांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत आहे. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्या बातमीचाच आधार दिला. सरकारने सांगितलेली गोष्ट वृत्तपत्रातून फिरून सरकारकडेच पुरावा होऊन परत आली. त्या नळ्या साध्या अग्निबाणांसाठीच्या होत्या, असे युद्धानंतरच्या तपासात निष्पन्न झाले, आणि मे २००४ मध्ये वृत्तपत्राने आपल्या वार्तांकनातील त्रुटी छापून मान्य केल्या. 'ग्लोब'च्या काळातला तो जुना आरोप इथे आठवल्यावाचून राहत नाही.

वाहिनी तरी कोणाची मिंधी?

निवेदक राष्ट्राध्यक्षांना नाचवतो असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्रीने तोही अपुरा ठरवला. फॉक्सच्या निवडणूक विभागाने रात्री अकराच्या सुमारास, इतर वाहिन्यांच्या बऱ्याच आधी, अ‍ॅरिझोना बायडेन यांच्याकडे गेल्याचे जाहीर केले. अंदाज बरोबर होता, आणि प्रेक्षक भडकले. काही जण न्यूजमॅक्स या छोट्या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळू लागले. त्यानंतरच्या आठवड्यांत मतदानयंत्रे बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने निवडणूक चोरली, हा दावा फॉक्सच्या पडद्यावर फिरत राहिला. कंपनीने खटला भरला तेव्हा उघड झालेल्या संदेशांत फॉक्सचे बडे सूत्रसंचालक खासगीत त्याच दाव्याची टर उडवताना आणि प्रेक्षक गळण्याची चिंता करताना दिसले. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणजे 'ग्लोब'च्या काळात पैसा राष्ट्राध्यक्षाकडून वृत्तपत्राकडे जात होता आणि मिंधेपण वृत्तपत्राचे होते. आज पैसा प्रेक्षकाकडून वाहिनीकडे जातो, वाहिनी प्रेक्षकाची मिंधी आहे, राष्ट्राध्यक्ष त्याच प्रेक्षकाच्या मतांचा, आणि त्या प्रेक्षकाच्या मनात काय भरायचे ते पुन्हा हे दोघे मिळून ठरवतात. या चक्रात सल्लागाराची जागा कुठे, हे ६ जानेवारी २०२१ च्या दुपारी दिसले. ट्रम्प समर्थकांच्या जमावाने दोनच्या सुमारास कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या, इमारतीत घुसखोरी केली. ट्रम्प ओव्हल ऑफिसशेजारच्या भोजनकक्षात दूरचित्रवाणी पाहत बसले होते, असे पुढे संसदीय समितीने नोंदवले. त्या वेळी फॉक्सचे शॉन हॅनिटी, लॉरा इंग्रॅम आणि ब्रायन किलमीड यांनी चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांच्या फोनवर संदेश पाठवले: राष्ट्राध्यक्षांनी लोकांना घरी जायला सांगावे, त्यांना पडद्यावर आणा, सगळे केलेले धुळीला मिळते आहे. ज्यांचा पडदा राष्ट्राध्यक्ष वर्षानुवर्षे पाहत आले, ते त्या दुपारी दारावरच्या माणसाला विनवत होते. घरी जाण्याचे सांगणारी चित्रफीत सव्वाचारनंतर आली.

व्हाइट हाउसला दरवर्षी १ जुलैपर्यंत आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, पद आणि पगार यांची यादी संसदेला सादर करावी लागते, आणि ती कोणालाही वाचता येते. अगदी कनिष्ठ साहाय्यकाचाही पगार तिच्यात डॉलरपर्यंत नोंदलेला असतो. राष्ट्राध्यक्षांना फोनवर सल्ला देणाऱ्या सूत्रसंचालकाचे नाव तिच्यात असण्याचे कारण नाही, कारण त्याचा पगार वाहिनी देते. ६ जानेवारीचे ते संदेश आपल्याला वाचायला मिळाले तेसुद्धा मेडोज यांनी समितीला सहकार्य करणे थांबवण्याआधी आपल्या फोनमधले हजारो संदेश तिच्या स्वाधीन केले होते, म्हणून.